लाल बाजूने कुणी आलं नाही

बुढापारा, रायपूर

प्रिय पराग,

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. मामा अभनपूरला येतोय, त्याच्या हाती पाठवते. शेवटपर्यंत वाच, मग काय ओरडायचं ते ओरड.

फौजेच्या भरतीचं तुझं धावणं झालं, मेडिकल झालं, आता फक्त आईची सही अडली आहे. अठरा पूर्ण नाहीत म्हणून पालकांची संमती लागते, हे तू कितीदा सांगितलंस. मी आईशी बोलले. ती पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "एक देल्ला ना, आता दुसरा काहून मागून राहिले?" तेव्हापासून तुझी एकच रट, "दीदी, साहब से बोलवा दो, माँ उनकी बात नहीं टालेगी." ते खरंच आहे. देवानंतर आई कुणाचं ऐकत असेल तर खिरवडकर साहेबांचं. बाबा त्यांच्याच कंपनीत होते आणि बाबांचा देह घेऊन बीरगावला आपल्या घरी तेच आले होते. तू आईच्या कडेवर होतास, तुला आठवणार नाही. दारात उभं राहून ते आईला म्हणाले की मारोतीने रात्रभर एकट्याने शत्रूला थोपवून धरलं, म्हणून बाकीची पोरं जिवंत खाली उतरली. आई त्या एका वाक्यावर जगली. आपणही. मी बी.ए. झाले तेव्हा तिने निकाल आधी बाबांच्या फोटोला सांगितला, "तुमी पोरं वाचवले, आता तुमची पोट्टी शिकली पाहा."

साहेब कर्नल होऊन निवृत्त झाले, रायपूरला परतून या सैनिकी ग्रंथालयाचे संचालक झाले आणि मला इथे लावून घेतलं. तू त्यांना हसतोस, लायब्ररीचा डायरेक्टर आणि दिवसभर गेम. खोटं कशाला सांगू, इथे पुस्तकांच्या कपाटांपेक्षा खेळांची कपाटं नीट लावलेली आहेत. दुपारी ते कानाला हेडफोन लावून कॉम्प्युटरवर रणगाडे चालवतात आणि कुठल्या तरी गावच्या पोट्ट्यांवर खेकसतात, "अबे, बाएँ बोला था, बाएँ!" पलीकडून उत्तर येतं, "अंकल, आप सो जाओ." मग ते खरंच रुसतात आणि माझ्याकडे चहा मागतात.

पण त्यांचा जिवाचा खेळ टेबलावरचा. षटकोनी घरांचा नकाशा त्यांनी स्वतः काढला आहे: बर्फाचा डोंगर, वर चौकी, खाली उतरायची एकच वाट आणि वाटेवर खिंड. निळी बाजू त्यांची, लाल माझी. निळ्यांनी एका रात्रीत चौकी सोडून खाली यायचं, लालने त्यांना गाठायचं किंवा आपली माणसं राखून चौकी घ्यायची. शनिवारी वाचक कमी झाले की आम्ही खेळायला बसतो. साहेब दर वेळी एक सोंगटी खिंडीत मागे ठेवत. मी दर वेळी खिंडीवर तुटून पडे. फासे टाकून टाकून ती सोंगटी मारेपर्यंत बाकीचे निळे निसटून जात. मी हरायची आणि साहेब उठून माझा हात हातात घेऊन म्हणत, "शाबास पोरी, चांगली लढलीस. थँक यू." त्या वेळी त्यांचा चेहरा जसा निवांत दिसे तसा एरवी कधीच नाही. मला वाटायचं, म्हाताऱ्याला जिंकायला फार आवडतं.

गेल्या शनिवारी मी त्यांना पैज घातली. मी जिंकले तर तुम्ही आईशी परागच्या सहीचं बोलायचं. त्यांनी नकाशा पसरला. जिंकायचंच म्हणून मी पहिल्यांदा लाल सेनापतीसारखा विचार केला. बाहेर हिमवादळ आहे. अशा रात्री खिंडीत माणसं घालून मी ती कशाला मारू? सकाळ होईतो थांबते, चौकी आयतीच हाती येईल. सोंगटी न हलवता मी माझी पाळी सोडली. पुन्हा सोडला. साहेब चुळबुळायला लागले. "खिंडीवर ये." मी म्हटलं, "नाही येत." "मी सांगतो आहे ना, ये." मला वाटलं सापळा आहे. मी हसून म्हटलं, "बसू द्या सर तुमचा माणूस राखण करत. कुणी येत नाही." त्यांनी फासे खाली ठेवले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "उस रात भी कोई नहीं आया था."

पराग, बाबांवर कुणी चालून आलंच नव्हतं. कंपनी खाली पोचली, तोवर बाबांजवळचा वायरलेस थंडीने बंद पडला होता. 'मी सांगेपर्यंत हलायचं नाही,' हा साहेबांचाच हुकूम. परत बोलवायला वर माणूस पाठवला तर तोही जाईल, म्हणून त्यांनी पाठवला नाही. सकाळी गेले तेव्हा बाबा बंदूक रोखूनच बसलेले होते. एकही गोळी सुटलेली नव्हती. थंडीनेच गेले ते. साहेब म्हणाले, लाल खिंडीवर आले की मारोतीचं तिथे राहणं कामी येतं. म्हणजे इतके शनिवार मी आपल्या बाबांना मारत होते आणि साहेब त्याबद्दल माझे आभार मानत होते.

मी तशीच उठून तलावाकाठी जाऊन बसले. शाळेची मुलं ग्रंथालय बघायला येतात तेव्हा त्यांना बलिदानावर भाषण मीच देते. सोमवारी साहेबांना विचारलं, आईला खोटं काहून सांगितलं? ते म्हणाले, तिने दार उघडलं, कडेवर पोर होतं, तोंडातून दुसरं काही निघालंच नाही. मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला. मी विचारलं, आईला तुम्ही सांगणार की मी सांगू? त्यांनी नकाशा गुंडाळून कपाटात ठेवला. मग म्हणाले, "मी."

सांगूच नये, असंही मला वाटून गेलं. पण साहेब रविवारी घरी येतात म्हटल्यावर आईचा सूरच बदलला. "साहेब म्हनतीन तं देईन मी सही," असं काल आपणहून म्हणाली. त्यांच्यासाठी फरा करायचा म्हणून तांदळाचं पीठही दळून आणलंय. ज्या गोष्टीच्या भरवशावर ती तुला देऊन टाकेल, ती गोष्ट खोटी असून कसं चालेल? तुला थांबवायला मी लिहीत नाही. बाबा भित्रे नव्हते, हुकूम होता तसे बसून राहिले. तुला जायचं तर जा, पण 'बाबांसारखं' म्हणताना काय म्हणतो आहेस ते ठाऊक असू दे.

सहीचा कागद आणायचा की नाही ते तू बघ. मी लिहिते आहे ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. रविवारी साहेब सगळं सांगतील. आई ऐकून घेईल, रडणारही नाही कदाचित. मग ती एकच विचारेल, "पन बाकीचे पोरं तं त्यायच्यामुळंच वाचले ना, साहेब?" आणि या वेळी साहेब खरं उत्तर देणार आहेत. तेव्हा तिच्याजवळ मी एकटी पुरणार नाही, पराग. तू ये.

तुझी वाट पाहणारी, तुझीच
पद्मिनी दीदी