मला चढत नाही

सोमवार, ४
बायको तीन आठवडे तिच्या बहिणीकडे, बहिणीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी. संध्याकाळी स्वतः जाऊन नवी बाटली आणली. दुसऱ्याच पेगला भिंत अंगावर आली. भिंतीत काहीतरी दोष आहे. मला वजनमाप खात्यात 'टाकी' म्हणतात. सहा पेग, पाऊल सरळ. (पितो फक्त घरी. ऑफिसला ही माहिती मीच दिली.)

बुधवार, ६
एका पेगात जीभ जड. बायको फोनवर म्हणाली, नीट बोला. कारण सापडलं: रिकामं पोट.

गुरुवार, ७
आधी जेवलो, मग प्यायलो, मग टेबलावरच झोपलो. माल भेसळीचा! दुकानदार म्हणाला, साहेब, सीलबंद आहे. तीस वर्षं दुकानदारांची मापं तपासतोय, मला कोण फसवणार?

सोमवार, ११
डॉक्टरांनी विचारलं, झोप कमी? सर्दीच्या गोळ्या? वजन घटलं? वय किती? शेवटचा प्रश्न उद्धट वाटला. म्हणाले, गोळ्यांवर पिऊच नका. गोळ्या सोडल्या. सर्दी चालू, चढणंही चालू.

रविवार, १७
पुढच्या रविवारी व्याही येणार, लेकीचं लग्न ठरल्यापासून पहिल्यांदाच. गृहस्थ आठ पेग पचवतात म्हणे. मी फोनवर बोलून बसलोय, बघू कोण टिकतं! लेक म्हणाली, बाबा, प्लीज, त्यांच्यासमोर आडवे होऊ नका. पोरीच्या सासरी अब्रूचा प्रश्न. सराव वाढवला. झोपच वाढली.

शनिवार, २३
बायको आली. बाटली बघून कपाळाला हात लावला. व्याह्यांसाठीच्या दोन्ही बाटल्या पुसते म्हणून आत नेल्या, सीलही तिनेच काढलं. किती काळजी! मग त्यातल्याच एकीची चाचणी: चार पेग, पाऊल सरळ! म्हणजे सगळा विरहाचा परिणाम. तिला तसं सांगितलं, गहिवरून आलं. ती ओट्याकडे तोंड करून खूप वेळ खोकत होती.

रविवार, २४
पाच पेग झाले. मी ताठ, व्याहीही ताठ. म्हणाले, वा, अगदी आमच्या घरची चव! छाती फुगली. बर्फ आणायला आत गेलो, तर विहीणबाई आमच्या हिला हळूच विचारत होत्या, मी तीन भाग पाणी घालते आणि रंगाला कोरा चहा, तुम्ही? ही म्हणाली, मीही चहाच. वीस वर्षं झाली.
बर्फ घेऊन बाहेर आलो. व्याह्यांनी ग्लास पुढे केला. म्हणाले, सहावा झेपेल ना?
म्हटलं, न झेपायला काय झालं?
झेपला.