तीन आभार, सगळे तिच्या नावाने

४ मार्च, सोमवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळीनं रक्तदाब उतरत नाही, तर आता वही लिहायला घ्या. रोज तीन गोष्टी लिहायच्या — ज्यांचे आभार मानावेसे वाटतात अशा. त्यातली एक निसर्गातली. मी म्हटलं, बाई, सव्वीस वर्षं गुलाबाच्या रोपवाटिकेत काम करते, माझ्या नखांतसुद्धा निसर्ग आहे. त्या हसल्या नाहीत. महिन्यानं वही बघणार — वाचणार नाही म्हणे, नुसती भरली का ते बघणार.

तर घ्या!

एक — धाकट्या बहिणीची दाढ ठणकतेय. आभार.

दोन — उजवीकडची आहे, आणि ती उजवीकडूनच चावते. आभार.

तीन — निसर्ग. कीड निसर्गातलीच.

५ मार्च, मंगळवार

वहीला तरी खरं सांगावं. माझा एक गुलाब आहे. नऊ वर्षं लागली. दोन झाडांचा संकर, त्यातून दोनशे रोपं, त्यातलं एक ठेवलं, बाकीची माझ्या हातानं उपटली. बाहेरून सायीच्या रंगाचा, आत जर्दाळूसारखा, आणि ऊन चढलं की कडा किंचित लाल होतात. वास थोडा मिऱ्यासारखा. तो बघायला मी सुटीच्या दिवशीसुद्धा जायची.

गेल्या महिन्यात मालकांनी नव्या जातीच्या नोंदणीचा अर्ज ऑफिसबाहेरच्या काचेच्या फलकात लावला. ‘जात तयार करणारी व्यक्ती’ — पुढे माझ्या धाकट्या बहिणीचं नाव! ती ऑफिसात कागद बघते. मातीत बोट घातलं तर हात धुवायला पळते. आयत्या बिळावर नागोबा ऐकलं होतं, तो माझ्याच घरात माझ्याच शेजारी जेवायला बसतो हे माहीत नव्हतं.

मी काही बोलले नाही. बोलले असते तर ती रडली असती, आणि ती रडली की मी तिची समजूत काढते. आई गेली तेव्हा ती सात वर्षांची होती, मी एकोणीस. तेव्हापासूनची सवय आहे ही. या वेळी समजूत काढायची नाही.

७ मार्च, गुरुवार

एक — धाकटीनं दाढ काढली. गाल सुजलाय.

दोन — ऑफिसातल्या कुणीतरी विचारलं, तोंडात काय ठेवलंय?

तीन — काचघरात सकाळी एक बारका पक्षी शिरला होता. दार उघडून धरलं तरी जाईना. दवाचे थेंब टिपत बसला होता. पाच मिनिटं मी काहीच केलं नाही. हे मात्र खरंच.

११ मार्च, सोमवार

नोंदणीची समिती ९ एप्रिलला येणार. बारा रोपांचा एक वाफा दाखवायचा. बाराही एकसारखी हवीत, फुलावर हवीत. वाफा कुणाकडे? माझ्याकडे! नाव तिचं, पाणी मी घालायचं.

आज गुडघ्यावर बसून तण काढताना डोक्यात आलं. आमचा प्रत्येक गुलाब दोन झाडांचा असतो. खाली रानटी गुलाबाचा खुंट, त्याच्या सालीत चांगल्या झाडाचा डोळा भरलेला. खुंटाला खालून फुटवे येतात. ते मातीत हात घालून मुळापाशी ओरबाडून काढायचे. वरवर कापले तर एकाचे तीन होतात आणि सगळा रस पिऊन टाकतात. वरचा गुलाब उपाशी राहतो. हे इथल्या झाडूवालीलाही माहीत आहे. धाकटीला नसेल.

मी आज सिकेटरनं, छाटायच्या कात्रीनं, कापले. वरवर. बाराही रोपांचे.

रक्तदाब मोजला असता तर बहुतेक उतरलेला निघाला असता.

१२ मार्च, मंगळवार

एक — सिकेटरला नवी धार लावली. दोन — फुटव्यांना देवानं अशी जिद्द दिली. तीन — तेच, निसर्ग.

१७ मार्च, रविवार

हिशेब माझा साधा आहे. समिती वाफा बघेल, तिला चार प्रश्न विचारेल. संकर कुठल्या झाडांचा? डोळा कधी भरला? ती गाढवासारखी उभी राहील. समिती नाकारेल. मग मी फुटवे ओरबाडून काढीन, रोपं महिन्याभरात सावरतील, आणि पुढच्या वर्षी माझ्या नावानं अर्ज. करावं तसं भरावं! तिनं केसानं गळा कापला, मी तर नुसते फुटवे कापतेय.

दुपारी तिनं माझ्यासाठी चहा आणला. म्हणाली, ताई, समितीबद्दल तुला एक सांगायचंय. मी म्हटलं, मला पाणी सोडायचंय. कप तसाच ठेवून उठले. सुटीच्या दिवशी कसलं पाणी, हे तिला कळलं असेल. कळू दे.

२१ मार्च, गुरुवार

फुटवे गुडघ्याएवढे. परत कापले, म्हणजे आता नऊनऊ येतील. मालक वाफ्यावरून गेले आणि म्हणाले, भरघोस दिसतायत हो! मालकांनी रोपवाटिका विकत घेतली, गुलाब अजून समजून घ्यायचाय. त्यांच्या अज्ञानाचे मनापासून आभार.

२५ मार्च, सोमवार

धाकटी वाफ्यापाशी आली होती. नवे बूट घालून. बराच वेळ उभी होती. एका रोपापाशी वाकली, पानं बाजूला केली, आत बघितलं. मी काचघरातून पाहत होते. मला वाटलं, बघ, बघून घे आपलं साम्राज्य! मग ती सरळ ऑफिसात गेली. रात्री घरी बुटांची माती पुसत बसली.

दाढेची सूज उतरली. वाईट वाटलं.

३० मार्च, शनिवार

आज फुटवे कापले नाहीत. कारण वेगळं आहे. तिसऱ्या रोपाच्या रानफुटव्याला कळ्या आल्यात. सव्वीस वर्षं मी हा खुंट हाताळतेय, हजारो वेळा त्याच्यात डोळे भरले, पण त्याचं स्वतःचं फूल कधी बघितलं नव्हतं. फुलू दिलंच नाही ना कुणी.

१ एप्रिल, सोमवार

उमललं. पांढरं, पाच पाकळ्या, मध्ये पिवळे केसर. एवढंसं! वास जवळजवळ नाहीच. एक मधमाशी येऊन आत लोळली. इतकं साधं फूल, आणि मी तिथे उकिडवी बसून राहिले, पायाला मुंग्या येईपर्यंत. डॉक्टरीणबाई, तुमची वही आज खरी भरली.

त्याच रोपावर वरच्या फांदीला माझ्या गुलाबाच्या चार कळ्या होत्या. तीन पिवळ्या पडून गळल्या. मी त्या उचलून खिशात टाकल्या. क्षणभर वाटलं, आता पुरे, आत्ताच हात घालावा मातीत आणि काढून टाकावेत सगळे. मग काचेच्या फलकातलं ते नाव आठवलं. उठून पाणी द्यायला गेले.

५ एप्रिल, शुक्रवार

धाकटीनं परत तोंड उघडलं. ‘ताई, अर्जाचं जरा...’ एवढंच म्हणाली. मी मिक्सर लावला. तो थांबेपर्यंत ती स्वयंपाकघरात उभी होती. मग गेली.

एक — मिक्सर मोठ्यानं वाजतो.

दोन आणि तीन सुचत नाहीत.

९ एप्रिल, मंगळवार

समिती येऊन गेली. तिघं होते. चष्मेवाल्या बाई प्रमुख. मी दहा पावलांवर झारी घेऊन उभी राहिले. मुद्दामच. तिचं तोंड बघायचं होतं.

चष्मेवाल्या बाईंनी धाकटीला विचारलं, संकर कुठल्या दोन झाडांचा? ती आपल्या बुटांकडे बघत राहिली. मालक हसून म्हणाले, घाबरलीय. बाईंनी परत विचारलं. माझ्या छातीत असा आनंद भरला की सांगता येत नाही. तेवढ्यात ती बोलली, आवाज अजिबात न हलू देता —

‘हा गुलाब माझ्या ताईनं केलाय. नऊ वर्षं लागली तिला. मी अर्जात माझं नाव घातलं. एकदा तरी काहीतरी माझं असावं असं वाटलं म्हणून. खोटं होतं ते.’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाईंनी मला पुढे बोलावलं, तेच प्रश्न विचारले. मी सांगितलं. झाडं, सालं, महिने, सगळं. त्या म्हणाल्या, छान. अर्जावरचं तिचं नाव खोडलं आणि माझं लिहिलं. पूर्ण नाव, माझ्यादेखत, निळ्या शाईनं.

मग म्हणाल्या, चला, रोपं बघू.

बारापैकी नऊ रोपांवर रानफुटवे वरपर्यंत. माझं फूल म्हणावं असं एकच, तेही अर्धवट. बाईंनी एक फुटवा बोटानं वाकवला, कापलेली जागा बघितली, मग माझ्या हातांकडे बघितलं. माझ्या नावापुढे ‘नाकारले’ लिहिलं आणि सही केली.

मी मालकांना म्हटलं, पुढच्या वर्षी परत करू. ते म्हणाले, अहो कुठलं पुढच्या वर्षी? एकदा नाकारलेली जात परत घेत नाहीत, कुणाच्याही नावानं. हा नियम मला माहीत नव्हता. कागद धाकटी बघते.

१० एप्रिल, बुधवार

धाकटीला विचारलं, नियम तुला माहीत होता? म्हणाली, होता, तेच दोनदा सांगायला आले होते. मग म्हणाली, तू फुटवे वरवर कापतेयस हेही दिसलं होतं, त्या दिवशी वाफ्यापाशी आले तेव्हाच. मी विचारलं, मग ओरबाडून का नाही टाकलेस? निदान मालकांना तरी सांगायचंस.

‘झाड तुझं होतं ना, ताई.’