सून भरली म्हणून

गुरुवार, डहाणू

वैद्यकीय विद्यार्थ्यांना घेऊन रानशेतला गेले होते. आरोग्य शिबिरात एका सासूने सुनेला पुढे केलं. "लग्न होऊन आली तवा काडी होती, डॉक्टर. आता बघा, कशी भरलीय."

मी सुनेच्या नडगीवर अंगठा दाबून उचलला. खड्डा तसाच राहिला. लघवी तपासली आणि सांगितलं, ही किडनीच्या आजाराने अंगावर आलेली सूज आहे.

सासू त्या खड्ड्याकडेच बघत होती. "म्हंजे माझ्या हातचं तिच्या अंगी लागलंच नाय?"

हा खड्डा मी किती देशांत शिकवलाय. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. औषध लिहून दिलं आणि पुढच्या बाईला बोलावलं.

आता सुचतंय. औषधाने सूज उतरली की सून पुन्हा काडी दिसेल, आणि सासू औषधच बंद करेल. उद्या परत जायचं, सासूशी बोलायला. विद्यार्थी नकोत.