मागच्या दाराचं पिंप

सोलापूर,
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५, दुपार

चि. रत्नम्मास,

थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. मंगळवेढ्यात सगळे धड असाल. इकडेही ठीकच. विरेशच्या ओवीला जरा ताप आहे, सहा वर्षांचं पोर, येतो-जातो.

तू फोनवर म्हणालीस, "अक्का, आमची नवी सून पिंकी मन लावून संसार करतीय. कुठली काटकसर करावी, तिला लिहून दे की." शेजारचे बसलिंगप्पा उद्या तुमच्याकडं निघालेत, म्हणून लिहायला बसले.

तर पिंकीला सांग, डाळ आधी भिजत घालावी, गॅस चार दिवस जास्त पुरतो. शिळ्या भाकरीचे कुटके लसूण घालून करावेत. नवऱ्याला आवडले तर ताजी भाकरी मागायचाच नाही. साबणाच्या चिपट्या चिकटवत बसू नये. मी चाळीस वर्षं चिकटवल्या, फेस येईस्तोवर तांब्याभर पाणी जातं. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. जुन्या चादरीची पायपुसणी मात्र जरूर करावीत.

आणि पाणी. आमच्या नळाला पाचव्या दिवशी येतं, साठवावं लागतंच. पण नवं आलं की जुनं ओतून, पिंप घासून कोरडं करावं.

हे मी करत नव्हते, रत्ना. आपण हंडाभर पाण्यासाठी भांडलेल्या पोरी, पाणी ओतायला माझा हातच होत नाही. मागच्या दाराशी एक बिनझाकणाचं पिंप होतं, धुण्याभांड्याचं. वरच्या वर भरत राहिले, तळ कधी बघितला नाही. गेल्या महिन्यात डासांच्या अळ्या तपासणारी बाई आली. ती पिंपं ओतायला लावते, म्हणून मी त्यावर चादर टाकली.

"आज्जी, मागं काय हाय?"

"जळण हाय गं. तू च्या घे."

हसली, दारावर खडूनं तारीख लिहून गेली. ओवी रोज तिथंच भातुकली मांडायची.

तिचा ताप जरासा नाही. डेंग्यू आहे. शनिवारपासून दवाखान्यात आहे. पेशी काल ऐंशी हजार होत्या, आज सकाळी बत्तीस. हिरड्यांतून रक्त आलं. डॉक्टरांनी विचारलं, "घरात पाणी साठून राहतं का?" माझ्या आधी माझी सून अंकिताच बोलली, "नाही हो, आमच्या आत्ती लई स्वच्छ." मी पदर तोंडाला लावून उभी राहिले.

आता ओवीची पेज करायला घरी आलेय. पिंप तसंच होतं. तीन दिवस ओतलं नाही. ओतलं असतं तर विरेशनं विचारलं असतं, आई, एवढं पाणी का फेकलंस? त्याला काय सांगू?

मघाशी हे लिहिता लिहिता उठले आणि आडवं केलं. तळच्या गाळात अळ्या वळवळत होत्या. शेजारची कमलम्मा म्हणाली, "एवढं पाणी गटारात? येडी झालीस व्हय गं?" तिच्या कडेवर तान्हा नातू होता. मी रिकामं पिंप भिंतीला टेकवलं. आत आले, परत बाहेर गेले आणि तिला सगळं सांगितलं. तिनं पोराला छातीशी धरलं.

आता अंकिता. वॉर्डात शिरायच्या आधी तिला जिन्यात बोलावून सांगणार आहे. उद्याच्या पेशी किती येतील, हेच डोक्यात फिरतंय. ती मला ओवीजवळ बसू देईल का, कोण जाणे. नाही दिलं तर पेज तिच्या हाती देईन आणि जिन्यातच बसेन. पत्र जाता जाता बसलिंगप्पांकडं टाकते, म्हणजे मला माघार घेता येणार नाही.

पिंकीला यातलं काही गाळून वाचू नकोस.

तुझी अक्का, आणि आज संध्याकाळपर्यंत तरी ओवीची लाडकी आज्जी,
गुरम्मा