जुनी बोटं, नवा कळफलक

आरमोरी,
मंगळवार

तीर्थस्वरूप बापूरावभाऊंना गुणवंताचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व ठीक आहे. तुमचे गुडघे कसे आहेत ते कळवावे. वहिनींचं लोणचं पोचलं आणि संपलंही, बरणी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती पाठवतो. चंद्रपुरात जटपुरा गेटजवळच्या तुमच्या टायपिंग क्लासात अजून दोन मशिनी खडखडतात हे ऐकून फार बरं वाटलं. मावसभाऊ म्हणून तुम्ही मोठे आहातच, पण चौतीस वर्षांपूर्वी माझ्या या दहा बोटांना वळण तुम्हीच लावलंत, म्हणून ही हकिगत आधी तुम्हाला.

तर झालं असं, की आमच्या ऑफिसात फर्मान निघालं. जुना रेमिंग्टन कळफलक बंद, सर्वांनी नव्या इनस्क्रिप्टवर मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा द्यायची. जो नापास होईल त्याचं टायपिंगचं टेबल जाईल आणि तो आवक-जावकात बसेल. भाऊ, आवक-जावकात बसायला माझी ना नाही (तिथे पंखा चांगला आहे), पण अख्ख्या तालुक्यात सगळ्यात वेगवान बोटं म्हणून ज्याचं नाव, त्यानं पाकिटांवर शिक्के मारावेत हे मला सहन होईना. नव्या कळफलकात स्वर आणि मात्रा सगळ्या डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, म्हणजे भावाभावांत शेताच्या धुऱ्यावरून वाटणी व्हावी तसं. ‘क’ म्हटलं की माझं डाव्या हाताचं मधलं बोट आपोआप धावतं, आणि नव्यात तो ‘क’ उजव्या मधल्या बोटाला दिलेला. चौतीस वर्षं इमानानं राबलेल्या बोटाला काय सांगावं?

सूनबाई रंजीतानं घरच्या कॉम्प्युटरवर शिकवणीची तीन सॉफ्टवेअरं टाकून दिली. पहिल्यात मोटारींची शर्यत होती. आपण टाइप करू तशी आपली गाडी पळते म्हणे. माझी गाडी दोन दिवस जागची हलली नाही, बाकीच्या गाड्या घरी जाऊन जेवून आल्या असतील. दुसऱ्यात एक बाई हिंदीतून बोलायची. चूक झाली की इतक्या मायेनं ‘कोई बात नहीं, फिर से’ म्हणायची, की मी (तुमच्यापासून काय लपवायचं) एकदोन चुका मुद्दाम केल्या. आमची सौ. शकुबाई तांदूळ निवडत शेजारीच बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, “त्या बाईले बंद करा. चूक झाली तं झाली, एवढं गोड बोलाचं काम नाई.” ते सॉफ्टवेअर त्याच दिवशी गेलं.

तिसरं अगदी रुक्ष. ना गाडी, ना बाई. नुसते धडे आणि पडद्यावर कळफलकाचं चित्र. मला तेच पटलं, कारण ते तुमच्यासारखं होतं, कौतुक करत नव्हतं. नजर कागदावर, कळांवर नाही, ही तुमची शिकवण. म्हणून मी ते चित्रच बंद करून टाकलं. पहिला आठवडा मिनिटाला नऊ शब्द. मग एक दिवस लाइट गेली, आली, मी बसलो, आणि भाऊ, एकदम अडतीस! दुसऱ्या दिवशी एक्केचाळीस! मी ऑफिसात पेढे वाटले. सोमाजी शिपायानं तर माझी बोटं हातात घेऊन पाहिली. चौथ्या दिवशी रंजीता मागे येऊन उभी राहिली. हळूच म्हणाली, “मामाजी, लाइट गेल्यापासून तुमी जुनाच कळफलक चालवून राह्यले. कॉम्प्युटर पुन्हा चालू केला का यादीत तोच पहिला येते.” चित्र पाहिलं असतं तर कळलं असतं. पण तुमच्या शिष्यानं चित्र कसं पाहावं? पेढे खाल्लेल्या कोणालाही मी अजून हे सांगितलेलं नाही.

तरी मी समाधानी आहे. काल तेवीसपर्यंत पोचलो. तिन्हींत तिसरं उत्तम, हे माझं शेवटचं मत. वहिनींना नमस्कार.

आपला,
गुणवंता

ता. क. परीक्षा चंद्रपूरलाच आहे, येत्या गुरुवारी. बुधवारी मुक्कामाला येतो. तासभर माझ्या मागे उभे राहाल का? काही बोलू नका, नुसते उभे राहा. मला भीती वाटते आहे, भाऊ.

ता. क. २. हे पत्र नव्या कळफलकावर टाइप केलं. तुम्हाला चुकीचं अक्षर पाठवायचा धीर होईना, म्हणून ओळन् ओळ पुसून पुन्हा लिहिली. त्यात बारा दिवस गेले. मधल्या गुरुवारी सकाळच्या बसनं येऊन परीक्षा देऊन गेलो, घाईत तुमच्याकडे डोकावता आलं नाही, माफी असावी. बत्तीस शब्द आले. पास. तेव्हा मागे उभं राहायची गरज उरली नाही.

ता. क. ३. आज माझ्या टेबलावर परत बसलो. साहेब म्हणाले, “गुणवंतराव, आपले सारे जुने नमुने रेमिंग्टनवरच चालतात. परीक्षा कागदापुरती होती, काम जुन्यावरच करा.” बसलो, तर ‘क’ला उजवं बोट धावलं. मिनिटाला अकरा शब्द झाले. तुमच्या क्लासातल्या त्या दोन मशिनींपैकी एक सोमवारपासून रिकामी असेल का? पहिल्या धड्यापासून बसतो.