फोटोतून कापलेला बाप

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, धंदा फोटो स्टुडिओ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी तब्येत बिघडलेली आहे, डोके बिघडलेले नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण "ताईला शेवटी शेवटी काही कळत नव्हतं" असे माझा धाकटा भाऊ चारचौघांत म्हणणार, याबद्दल मला शंका नाही. मला कोणी धमकावलेले नाही. गोड बोलून भुलवायला तोच भाऊ मागच्या महिन्यात आला होता. त्याचे काय झाले ते पुढे येईल.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. ते रद्द समजावे. त्यात अर्धा स्टुडिओ भावाला ठेवला होता.

भावाचे नाव मी या कागदावर घालणार नाही. ते कलम चारमध्ये येणाऱ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत आहे, माझे मागच्या पानावर छपाईच्या मजकुरात आहे. भाऊ म्हणजे कोणता, असा प्रश्न कोणाला पडू नये. मला एकच आहे, आणि तोही जास्तच झाला.

कलम एक. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शेजारच्या दुकानातल्या चष्मेवाल्यांनी करावी. आम्ही सामाईक भिंतीवरून भांडलो, नळावरून भांडलो, त्यांच्या पाटीने माझा उजेड अडवला म्हणून वर्षभर बोललो नाही. पण त्यांनी मला कधी खोटे सांगितलेले नाही. भावाने गळ्यात पडून रडायला सुरुवात केली तर हा माणूस घड्याळाकडे बघेल, एवढी त्यांच्याबद्दल खात्री आहे.

कलम दोन. स्टुडिओ, आतली डार्करूम, दिवे, पडदे, दोन्ही कॅमेरे आणि वरच्या दोन खोल्या माझ्यासोबत आजवर काम केलेल्या बाईंना द्याव्यात, ज्यांना गिऱ्हाइके "धाकट्या बाई" म्हणतात. लग्नाच्या फोटोत नवरा डोळे मिटतो तेव्हा नाराज घरच्यांना समजावण्याचे काम त्यांनीच केले, मी कधीच केले नाही. आता सगळेच फोनवर फोटो काढतात. त्यांनी तिथे झेरॉक्सचे मशीन बसवले तरी माझा आत्मा तक्रार घेऊन येणार नाही.

कलम तीन. वरच्या खोल्यांवर माझ्या भावजयीचा डोळा आहे. नवऱ्याच्या संस्थेचे ऑफिस तिथे छान होईल, असे ती आजारपणात मला भेटायला आली तेव्हा खिडकीचे माप घेत म्हणाली. त्या खोल्या तिला मिळणार नाहीत. आईची लोखंडी पेटी मी तिला देत आहे. आई गेली त्याच आठवड्यात ती पेटी तिने नेली आहे. मी दिली असे आता लिहिल्यामुळे निदान ती चोरीची राहणार नाही.

कलम चार. आता पुस्तकाबद्दल. हे कलम लांबणार आहे. चष्मेवाल्यांनी ते भावासमोर मोठ्याने वाचावे आणि तो उठून गेला तर दार उघडे ठेवून वाचावे.

भाऊ बोलण्यात पहिल्यापासून पटाईत. वडिलांनी दोघांनाही डार्करूममध्ये उभे केले, पण त्याला अंधारात गप्प राहणे जमले नाही. त्याने संस्था काढली. उजाड टेकड्यांवर झाडे लावायची, तळ्यांतला गाळ काढायचा. काम चांगले होते, हे मी नाकारत नाही. एका गावात शाळेतल्या मुलांनीच ते डोक्यावर घेतले होते. रिकाम्या डब्यांत रोपे वाढवायची, टेकडीवर न्यायची, पाणी घालायचे, सगळे मुलेच करत. भाऊ स्टुडिओत आला.

"ताई, या पोरांच्या फोटोंचं पुस्तक काढू. विक्रीतून जे येईल ते तळ्याला. तू फोटो काढ, बाकी मी बघतो."

मी एक पैसा न घेता तो सगळा हिवाळा त्या गावात जात राहिले. फोटो काढणार म्हणून मुले तेल लावून, भांग पाडून येत. एका पोराने थंडी वाजू नये म्हणून रोपाला स्वतःचा स्वेटर घातला होता आणि स्वतः कुडकुडत उभा होता. त्या मुलांना कीव नको होती. आपण लावलेले झाड फोटोत नीट दिसते का, एवढीच त्यांची काळजी.

त्यांत शिंप्याची मुलगी होती. एका जागी उभी राहत नसे म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. फोटोसाठी बापाने तिला नवा पिवळा फ्रॉक शिवला होता. रोप लावताना ती घसरली आणि फ्रॉकसकट चिखलात बसली. रागाने भोकाड पसरले. बाप तिला उचलायला आला आणि त्याला हसूच आवरेना. एक हात तिच्या काखेत, दुसरा स्वतःच्या पोटावर. मागे सगळी पोरे खिदळत होती. मी बटण दाबले. इतक्या वर्षांच्या धंद्यात यापेक्षा चांगला फोटो माझ्या हातून निघालेला नाही.

पुस्तकाचे प्रकाशन मोठ्या सभागृहात झाले. मला पहिल्या रांगेत बसवले होते. पुस्तक हातात आले तेव्हा मुखपृष्ठावर भिंगरी होती. फक्त भिंगरी. चेहरा, चिखल आणि अश्रू. बाप कापला होता, पोरे कापली होती. तिच्या काखेत बापाची दोन बोटे तेवढी राहिली होती, कापणाऱ्याच्या लक्षात न आलेली. खाली छापले होते, "हिचा उद्या तुमच्या हातात आहे."

मी व्यासपीठाच्या मागे जाऊन भावाला गाठले.

"हिचे वडील कुठं आहेत?"

"कोणाचे?"

"भिंगरीचे. माझ्या फोटोत होते."

"ताई, मुखपृष्ठावर सगळे कसे मावतील?"

"चिखल बरा मावला."

त्याने इकडे तिकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "ते हसतायत, ताई. हसणाऱ्या बापाच्या पोरीला कोण देणगी देतं?"

मी त्याच्याशी सरळ बोलले असा तो शेवटचा प्रसंग. नंतर मागच्या महिन्यापर्यंत जे बोलले ते वकिलामार्फत किंवा ओरडून.

पुस्तक हातोहात खपले. त्या चेहऱ्याची पोस्टर बसथांब्यांवर लागली. दुसऱ्या आवृत्तीत मजकूर वाढवला. एके दिवशी दुपारी शिंपी माझ्या स्टुडिओत आला. पुस्तक कापडात बांधून आणले होते. खुर्चीवर बसायला तयार नव्हता. मी बसवले.

"बाई, एवढं वाचून सांगा. माझी पोरगी वाचते, पण मला वाटलं चुकत असेल."

मी वाचले. "या अनाथ मुलीच्या डोळ्यांत एका हिरव्या गावाचं स्वप्न आहे."

"म्हणजे पोरगी बरोबर वाचते." त्याने पुस्तक पुन्हा कापडात बांधले. "मग मी मेलो कधी, ते पण लिहिलंय का कुठं?"

त्याचा आवाज चढला नव्हता. गिऱ्हाइकाला कपडे कधी न्यायला येणार असे विचारावे, तसे त्याने विचारले. मग सांगितले की शाळेत एक पाहुणे आले होते, त्यांनी अनाथ मुलीला म्हणून भिंगरीला दप्तर दिले. तो स्वतः सभेत बसला होता.

"तुम्ही बोलला नाहीत?"

"सगळे टाळ्या वाजवत होते. मी पण वाजवल्या."

मी त्याच्यासमोर भावाला फोन लावला. म्हटले, एक माणूस माझ्यासमोर बसला आहे आणि तू त्याला मारले आहेस. भाऊ म्हणाला, "ताई, तळ्याचं काम निम्म्यावर आलंय. आता शब्द मागे घेतला तर लोक हिशेब मागतील, सगळंच थांबेल. तूच समजाव त्यांना. त्यांच्याच गावाचं तळं आहे." त्याचा आवाज फोनमधून खोलीभर ऐकू येतो, कायमच येत आला आहे. शिंप्याने सगळे ऐकले.

"होऊ द्या तळं," तो म्हणाला. "नका भांडू."

मी त्याला अख्ख्या फोटोची मोठी प्रत करून दिली. त्याने ती उजेडात धरून खूप वेळ पाहिली. "फ्रॉक चांगला बेतला होता," म्हणाला आणि गेला.

त्याने भांडू नका म्हटले, मी भांडले. वर्तमानपत्राला पत्र लिहिले, ते छापले नाही. संस्थेने निगेटिव्ह आमच्या मालकीच्या आहेत अशी नोटीस पाठवली. कोर्टाने त्या माझ्या ठरवल्या, पण छापलेली पुस्तके लोकांच्या घरांतून परत आणायला कोर्ट जात नाही. आई म्हणाली, एवढ्याशा फोटोपायी सख्खा भाऊ तोडतेस. मी म्हटले, कापायला सुरुवात त्याने केली. आई गेली तोवर आम्ही एका खोलीत एकत्र बसलो नाही.

तळे झाले. त्या तळ्याचे पाणी मी प्यायले आहे. ते गोड आहे, आणि म्हणून माझा राग अधिकच आहे. अपयशी लबाडाला माफ करणे सोपे गेले असते.

मागच्या महिन्यात भाऊ फुले घेऊन आला. खाटेशेजारी बसला.

"ताई, खालच्या गावाला बांध घालायचाय. पुस्तकाची नवी आवृत्ती काढतोय, मोठी. मूळ निगेटिव्ह दे. झालं गेलं सोड आता."

"अनाथ?"

"काढतो तो शब्द."

"आणि बाप?"

त्याने माझी चादर नीट केली. "लोकांना तोच चेहरा माहीत आहे, ताई."

फुले घेऊन आला होता, फुले घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी मी भिंगरीला बोलावून घेतले. शिंपी वारला आहे, आता दुकान ती चालवते. भाऊ काय मागून गेला ते सांगितले, मग निगेटिव्ह आणि काडेपेटी तिच्यापुढे ठेवली.

"जाळ. मीच जाळणार होते, पण हक्क तुझा आहे."

तिने निगेटिव्ह खिडकीशी धरली. "जाळू कशाला? मोठ्या फोटोला वाळवी लागली, बाई. बाबा हसताना आता एवढ्यातच उरलेत."

"तो पुन्हा कापेल."

"मग कापू देऊ नका. तुम्हाला कायद्यातलं कळतं. छापू द्या, पण अख्खा." मग म्हणाली, "माझी नणंद त्या खालच्या गावात दिलीय. मैलभरावरून पाणी आणते. तिला काय सांगू, माझ्या फोटोपायी राहिलं?"

मला तिचा राग आला, हेही लिहून ठेवते. आयुष्यभर जपलेले भांडण तिने खिडकीशी उभे राहून मिटवायला काढले. मी तिला तसे म्हटले. ती म्हणाली, "तुमचं तुम्ही ठेवा, बाई. मी तुम्हाला भावाला माफ करा म्हणत नाहीये. आणि खाली एक ओळ घाला, फ्रॉक कोणी शिवला त्याची."

कलम पाच. म्हणून, ती निगेटिव्ह आणि तिचे सर्व हक्क भिंगरीला द्यावेत. भावाला फोटो छापायचा असेल तर त्याने स्वतः तिच्या दुकानात जाऊन विचारावे. माणूस पाठवू नये. दुकानात गिऱ्हाईक असेल तर थांबावे. फोटो चारही कडांसकट, निगेटिव्हची काळी चौकट दिसेल असा छापावा, आणि खाली शिंप्याचे नाव, तो बाप असल्याचे आणि फ्रॉक त्याने शिवल्याचे नमूद करावे. केसभरही कापल्यास चष्मेवाल्यांनी कोर्टात जावे. माझी बँकेतली सर्व शिल्लक त्याच कामासाठी आहे. तो नीट वागला तर ती शिल्लक बांधाला द्यावी, पण थेट गावाच्या हातात, संस्थेच्या नाही.

कलम सहा. बाकी मुलांच्या निगेटिव्ह ज्याच्या त्याला द्याव्यात. जे सापडणार नाहीत त्यांच्या गावच्या शाळेत ठेवाव्यात. स्वेटरवाला पोरगा परदेशी आहे असे ऐकते, त्याला टपालाने पाठवावी.

कलम सात. माझी शोकसभा घेऊ नये. कोणी घेतलीच तर भावाला बोलू देऊ नये. तो रडेल, चांगला रडेल, आणि लोक खिशात हात घालतील.

कलम आठ. बहिणीने भावाला काहीच ठेवले नाही असे कोणी म्हणू नये. वडिलांनी काढलेला आम्हा दोघांचा लहानपणीचा फोटो आहे. त्यात भाऊ पळून जाऊ नये म्हणून मी त्याचा शर्ट मुठीत धरला आहे. या आठवड्यात मी तो फोटो काचेतून बाहेर काढला आणि कात्री घेऊन बसले. कापायचा म्हटला तर माझा हात मनगटापासून त्याच्याकडे गेला असता. तरीही कापता आला असता. कापला नाही. तो अख्खा फोटो भावाला द्यावा. ताईने माफ केले असा याचा अर्थ त्याने घेऊ नये, आणि भाषणात तर मुळीच सांगू नये. मी फोटो कापत नाही, एवढाच याचा अर्थ आहे.

वरील मजकूर मी चष्मा लावून पुन्हा वाचला आहे. कलम चारमध्ये एका ठिकाणी खाडाखोड आहे. तिथे एक शिवी होती. चष्मेवाल्यांनी काढायला लावली. ती खाडाखोड माझीच आहे.

लिहून देणार: (सही)

आमच्यासमोर सही केली:
साक्षीदार पहिले: डॉक्टर, माझ्यावर उपचार करणारे (सही)
साक्षीदार दुसऱ्या: समोरच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानाच्या मालकीणबाई (सही)

ठिकाण: स्टुडिओ, पडद्यासमोरची खुर्ची
दिनांक: चौदा जानेवारी, सकाळ, उजेड चांगला