घरची वांगी, बाजारची वांगी

१४ ऑक्टोबर १९७७
सकाळपासून कशातच मन नाही. काल संध्याकाळी दिनकरभाऊजींनी वांग्यांवर औषध मारलं आणि आज उजाडताच त्याच वांग्यांच्या टोपल्या रिसोडच्या बाजारात गेल्या. औषधाच्या डब्यावर कवटीचं चित्र आहे.
यांना म्हटलं, "तुमच्या भावाले सांगा ना." हे म्हणाले, "सारेच तसं करतात." आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.
आमच्या ताटात ती वांगी येत नाहीत. विहिरीजवळचे वाफे घरचे. तिथं शेणखत, राख, निंबोळीचं पाणी. फवारणीचा पंप तिथं कधी जात नाही. घरचे वाफे वेगळे, बाजारचे वेगळे. यात विचारण्यासारखं काही आहे असं घरात कोणाला वाटत नाही.

१७ ऑक्टोबर
आज विचारलंच. भाऊजी टोपल्या बांधत होते. हसले.
"वयनी, किड्याचं वांगं बाजारात कोनी हातात तरी घेते काय? तुमी घेसान?"
नंतर दिवसभर उत्तरं सुचत राहिली, पोळ्या करताना, गोठा झाडताना. शांता जवळच होती, भाऊजींची बायको, म्हणजे माझी धाकटी जाऊ. नवऱ्यापुढं तिचं तोंड उघडत नाही. मागून हळूच म्हणाली, "जाऊ द्या ना बाई. घरात कायले उगीच..."
जाऊ देणं जमत नाही. तोच तर त्रास आहे.

२ नोव्हेंबर
आमच्याकडं वांगी तोडायला येणारी यमुना मळ्यात पडली.
पानं अजून ओली होती. भाऊजींनी सकाळीच मारलं होतं, यमुनाला कोणी सांगितलं नाही. दुपारपर्यंत तिनं वांगी तोडली. पाटाच्या पाण्यात हात बुडवून भाकर खाल्ली. मग उलट्या, डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ. हातपाय झटकायला लागली.
भाऊजींनीच बैलगाडी जुंपली. शांतानं तिचं डोकं मांडीवर घेतलं, मी पाय धरले. रस्ता संपता संपेना. शांताचं पूर्ण लुगडं ओलं झालं, पण तिनं मांडी हलवली नाही.
दवाखान्यात सुलोचनाबाई म्हणून नर्स होत्या. त्यांनी विचारलं, "कोणतं औषध? कधी मारलं?"
भाऊजी म्हणाले, "आज."

३ नोव्हेंबर
वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर...
भाऊजी जेवले नाहीत. पण पंप धुऊन जागेवर ठेवला.

६ नोव्हेंबर
यमुनाला तिच्या घरी आणलं. भेटायला भीमनगरात गेले. चुलतसासूबाई सोबत होत्या, त्या दारातच थांबल्या. यमुनाच्या सासूनं चहा ठेवला. मी प्यायले. चुलतसासूबाईंनी दुसरीकडं पाहिलं. आता गावभर होईल. होऊ दे.
यमुना भिंतीला टेकून बसली होती. रागावलेली नव्हती, तेच जास्त लागलं.
"वयनी, औषध मारलं एवढं तं सांगाचं होतं. मी उद्या आली असती."
आणि पुढं, "तुमच्या घरच्या वाफ्यात मी पोरीले घेऊन खुरपते. तिथं कधी भेव नाई वाटत."
म्हणजे तिला ठाऊक आहे. तोडायला येणाऱ्या साऱ्याजणींना ठाऊक असणार.

९ नोव्हेंबर
दिवाळी तोंडावर, आणि घरात जोराचं भांडण. मी म्हटलं, पंप बंद. भाऊजी उसळले.
"मी काय मुद्दाम केलं? मी बी भेलो! पन उद्या अळीनं मळा खाल्ला तं पोरायले काय घालू? निंबोळी? चार वाफ्याले निंबोळी पुरते वयनी, मळ्याले नाई पुरत."
खोटं बोलत नव्हते. म्हणूनच मी जास्त ओरडले.
हे मधे उभे. एकदा त्यांच्याकडं पाहतात, एकदा माझ्याकडं. मामाजी सुपारी कातरत बसले होते. सासरे म्हणून त्यांनी एक शब्द बोलावा, एवढीच माझी अपेक्षा होती. उठून बाहेर गेले.

१६ नोव्हेंबर
मामाजींनी आज काय केलं ते अजून खरं वाटत नाही.
बैल घेऊन विहिरीकडं गेले आणि घरच्या वाफ्यांत वखर घातला. वांगी, मिरची, कोथिंबीर, सगळं आडवं. भाऊजी धावत आले, "बाबा, काय करून राह्यले?" मामाजी थांबले नाहीत. सगळं मोडून झाल्यावर बैल सोडले, विहिरीवर हात धुतले, मग बोलले.
"आता एकच मळा. जे बाजारात जाईन तेच ताटात येईन. माह्या बी."
मी रडले. आनंदानं की त्या हिरव्या मिरच्यांसाठी, सांगता येत नाही.

२१ नोव्हेंबर
पाच दिवसांत पंपाला हात नाही. भाऊजी म्हणतात, मारून आठ दिवस थांबू, मग तोडू. यांनी विचारलं, आठ दिवस वांगं झाडावर थांबते काय? जून होते, बी धरते. दोघे भाऊ बांधावर बसून हेच बोलत राहिले. भांडत नव्हते. फार दिवसांनी.
मी आणि यमुना झाडाझाडाला फिरतो. कोमेजलेला शेंडा दिसला की खुडायचा, त्यातच अळी असते. खुडलेलं सगळं जाळायचं. यमुनानं आल्याआल्याच विचारलं होतं, "आज मारलं नाई ना?" आता रोज विचारते. विचारू दे.

३० नोव्हेंबर
बाजारात बसले. स्वतः. टोपलीत जमलं तेवढं निवडून नेलं, तरी छिद्रं होतीच. एक बाई वांगं उलटंपालटं करून म्हणाली, "हे तं किडकं हाय." मी सांगायला लागले की यावर औषध नाही. ती म्हणाली, "मंग मारा ना!" आणि शेजारच्या टोपलीकडं गेली. तिथली वांगी चकचकीत, तेल लावून ठेवल्यासारखी.
अर्धी टोपली परत. बैलांना घातली. भाऊजींनी पाहिलं आणि रिकामी टोपली उचलून ठेवली. रागावले असते तर बरं झालं असतं.

७ डिसेंबर
एक गोष्ट घडली. सुलोचनाबाई, दवाखान्यातल्या, बाजारात मला शोधत आल्या. त्याही भीमनगरच्याच नात्यातल्या, यमुनाकडून त्यांना सारं कळलेलं. पिशवी पुढं केली.
"तुमी घरी खाता तीच भाजी मले पायजे."
मी म्हटलं, "बाई, आता घरची वेगळी नाईच."
त्यांनी पिशवी उघडून धरली. मग म्हणाल्या, "तं मंग दर बाजाराले आणा. दवाखान्याच्या चाळीत आमी सात-आठ घरं आहो. किडकं निघालं तं कापून टाकू, त्यात काय."
घरी येईपर्यंत पाय जमिनीला लागले नाहीत. यांना सांगितलं. हे हसले, म्हणाले, "सात-आठ घरात मळा खपते काय?"
नाही खपत. माहीत आहे मला. तरी.

१९ डिसेंबर
धनगर आले. यांनी बोलणी करून कापलेल्या रानात खतासाठी मेंढ्या बसवल्या. भाऊजींना युरिया टाकायचा होता, मामाजी म्हणाले, पहिले मेंढ्या बसू दे. रान पार दगड झालं आहे, वखराची लोखंडी पात वाकते. पूर्वी पावलाखाली दबायचं म्हणे.
दर बाजाराला चाळीत जाते. आता भीमनगरातल्याही काही बायका घेतात, यमुनाच पोचवते. दोघी मिळून पाट्या भरतो. बाकीचा माल मोंढ्यात, ठोक बाजारात, पडेल त्या भावानं. रोज वाटतं जमेल, रोज वाटतं फसलं. एका जागी बसवत नाही.

४ जानेवारी १९७८
ढगाळ. तीन दिवसांपासून. वातावरण अळीला पोषक, भाऊजी म्हणतात. शेंडे खुडून बोटं काळी पडली, संपत नाहीत. शांताही येते आता. तिला कोणी बोलावलं नव्हतं. एक ओळ धरते आणि संपवते.

९ जानेवारी
भोगी जवळ आली. वर्षभरात वांग्याला सगळ्यात जास्त मागणी तेव्हाच. मोंढ्यातल्या माणसानं भाऊजींना सांगितलं, चांगला माल आण, जेवढा आणशील तेवढा घेतो. चांगला म्हणजे बिनछिद्राचा. चाळीतल्या घरांनी या वेळेला दुप्पट सांगितली आहेत.
भाऊजी औषधाचा डबा घेऊन आले. जेवताना तो दाराशी ठेवलेला सगळ्यांना दिसत होता. मामाजी म्हणाले, "मी सांगाचं ते सांगतलं. आता मळा तुमचा दोघांचा." हे खाली पाहून भाकर मोडत राहिले. मला यांचा राग आला, इतका की भाजी वाढताना हात आपटला.
मग हे म्हणाले, एकच वाक्य, "दिनकर, मारशील तं मी ते वांगं खाईन. तुह्यासमोर."
भाऊजी ताटावरून उठले.

११ जानेवारी
मळ्यातून येऊन लिहायला बसले.
सकाळी भाऊजींनी पंप भरला. तोंडाला फडकं बांधलं. यमुनाला आणि मला म्हणाले, "बाहेर व्हा." आम्ही बांधावर आलो. शांता ओळीत होती, शेंडे खुडत.
"शांते, निघ बाहेर."
ती खुडत राहिली.
"आयकू येत नाई काय? औषध हाय!"
तेव्हा ती उभी राहिली. नवऱ्यापुढं तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "त्या दिवशी यमुना माह्या मांडीवर होती. तुमी गाडी हाकत होते, तुमाले दिसत नव्हतं. मी पाहत होती. मी नाई निघत. तुमाले माराचं तं मारा."
भाऊजी पंपाच्या दांड्यावर हात ठेवून उभे. हे बांधावरून खाली उतरले आणि शांताच्या पलीकडच्या ओळीत जाऊन खुडायला लागले. यमुना माझ्याकडं पाहून म्हणाली, "मी नाई जात वयनी. मले पोरगी हाय." बरोबरच आहे तिचं. तिला घेऊन घरी आले.
चुलीवर डाळ ठेवली आहे. दारातून मळा दिसतो. तिघंही तिथंच आहेत. शांता पुन्हा वाकली आहे. भाऊजींच्या पाठीवर पंप तसाच.
फवाऱ्याचा आवाज अजून आला नाही.